मांजराचं पिल्लू आणताय? आधी त्याची आई कुठे आहे ते विचारा

दर जून-जुलैत माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज येतात. एक, ‘मुलीला माऊ हवीय, पर्शियन कुठे चांगली मिळते?’ दुसरा, ‘पार्किंगमध्ये तीन पिल्लं सापडलीत, घ्याल का?’ एकदा तर दोन्ही मेसेज एकाच सोसायटीतून आले होते. ए विंगला पिल्लू हवं होतं, सी विंगला नको होतं.

मी पुण्यात राहते आणि पिल्लं फॉस्टर करते. म्हणजे त्यांना कायमचं घर मिळेपर्यंत त्यांची सोय आमच्या मधल्या खोलीत. पण माझी स्वतःची सुरुवात दुकानातूनच झाली, ते आधी सांगून टाकते. २०१६ मध्ये एका शनिवारी सहज म्हणून एका पेट शॉपमध्ये शिरले. काचेच्या पेटीत पाच पांढरी पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. दुकानदाराने एक उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. ‘दोन महिन्यांचं आहे मॅडम, सगळं खातं.’ बारा हजार मोजले. घरी आल्यावर ते दोन दिवस नुसतं झोपून होतं आणि मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते की स्वभावाने शांत आहे. तिसऱ्या दिवशी ते पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं. तहान होती, पण पाणी पिईना. डॉक्टरांनी तोंड उघडून दाढा पाहिल्या आणि विचारलं, ‘दोन महिन्यांचं कोण म्हणालं?’ जेमतेम पाच आठवड्यांचं होतं. पॅनल्यूकोपेनिया निघाला, म्हणजे मांजरांचा एक जीवघेणा, संसर्गजन्य विषाणूजन्य आजार. सातव्या दिवशी गेलं.

तेव्हापासून ‘विकत की दत्तक’ हा माझा पहिला प्रश्न राहिलेला नाही. पहिला प्रश्न असा: जन्मल्यापासून हे पिल्लू कुठे होतं, आणि त्याची आई कुठे आहे? ज्याला याचं सरळ उत्तर देता येतं त्याच्याकडून पिल्लू घ्यावं. दुकानात हे उत्तर क्वचित मिळतं, शेल्टरमध्ये अर्धं मिळतं. सगळ्यात जास्त कुठे मिळतं, ते पुढे येईलच.

आधी घरात बोलून घ्या

हे पटकन उरकू. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरी चेअरमनशी दोन शब्द आधीच बोललेलं बरं. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांसाठीही परवाना सक्तीचा करण्याचा निर्णय घेतला, म्हणून तुमच्या गावी काय नियम आहे याची चौकशी करा. घरात कोणी गरोदर असेल तर मांजर टाळायची गरज नाही, पण शीची पेटी दुसऱ्याने आणि रोजच्या रोज साफ करायची. गर्भाला अपाय करू शकणारा टोक्सोप्लाझ्माचा जंतू मांजराच्या शीतून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस घेतो, म्हणून ‘रोज’ या शब्दाला महत्त्व.

आणि घर शुद्ध शाकाहारी असेल तर आत्ताच ठरवा. मांजर मांसाहारीच आहे, तिला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं आणि ते मांसातूनच मिळतं. दूध-पोळीवर तिची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडू शकतं. स्वयंपाकघरात मांस शिजवायचं नसेल तर तयार कॅट फूड चालतं, पण त्यातही मांस असतंच. ते घरात यायला हरकत असेल तर मांजर आणू नका, ससा आणा.

दुकानात गेलात तर

पेट शॉपसाठी केंद्र सरकारचे २०१८ चे नियम आहेत. दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचं प्रमाणपत्र कुठे लावलंय, हे आत गेल्या गेल्या विचारा. आवाज चढवायची गरज नाही, सहज विचारा. उत्तरापेक्षा समोरच्याचा चेहरा जास्त सांगून जातो.

मग दुकानाची भाषा कानावर येईल: डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस, ट्रिपल कोट (म्हणजे खूप दाट केस). चेहरा जितका चपटा तितका भाव चढा. डॉल फेस म्हणजे नाक जरा वर आलेलं, पंच फेस म्हणजे कोणी बुक्की मारल्यासारखं आत गेलेलं. त्या चपट्या चेहऱ्याची किंमत मांजर जन्मभर मोजतं. डोळ्यांतून सतत पाणी, श्वास घोरल्यासारखा, उन्हाळ्यात धाप. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, तो आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. कान दुमडलेलं स्कॉटिश फोल्ड दिसायला गोड, पण कान दुमडतो तो कूर्चेच्या दोषामुळे, आणि तोच दोष पुढे सांध्यांत दुखतो. एवढं कळल्यावरही पर्शियनच हवी असेल तर डॉल फेस घ्या आणि रोज विंचरायची तयारी ठेवा. चार दिवस चुकलात की काखेत आणि शेपटीखाली गुठळ्या होतात, त्या मग कातरूनच काढाव्या लागतात.

लसीचं कार्ड दाखवतील. ते नीट वाचा. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख. ‘सगळ्या लसी झाल्यात’ असं पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लाबद्दल कोणी म्हणत असेल तर ते शक्यच नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर लस नीट लागू पडत नाही, म्हणून तर ती सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

आई दाखवा म्हणा. ‘ती आमच्या फार्मवर आहे’ हे उत्तर आलं की मी तिथून निघते. याउलट एखाद्या घरगुती ब्रीडरकडे दोन-तीन मांजरी असतात, आई पिल्लांसोबत त्याच खोलीत असते, आणि तोच तुम्हाला उलट प्रश्न विचारतो. अशा माणसाकडून विकत घेण्यात मला पाप वाटत नाही.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. फोटो पाहून ‘टोकन’ पाठवायचं आणि पिल्लू दुसऱ्या शहरातून बसने मागवायचं, ही पहिली. निम्म्या वेळा पिल्लू नसतंच, फक्त फोटो असतो. आणि असलंच तर रात्रभर खोक्यात हादरत येतं. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. पिंजऱ्यातलं आजारी पिल्लू दया येऊन विकत घेणं. ते एक सुटतं हे खरं, पण रिकामी जागा पुढच्या शनिवारपर्यंत भरलेली असते, आणि तुमच्याच पैशातून.

शेल्टरकडे जाताना

आपल्याकडे शेल्टर म्हणजे बहुतेक वेळा दवाखाना. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला सगळी मुंबई बैलघोडा हॉस्पिटल म्हणते. पुण्यात मुंढव्याची ब्लू क्रॉस, बावधनची रेस्क्यू या संस्था. तिथे गाडीखाली आलेली, भाजलेली, आजारी जनावरं आधी येतात. त्यामुळे रविवारी मुलांना घेऊन ‘बघायला’ जाऊ नका. आधी फोन किंवा मेसेज करा, दत्तक द्यायला पिल्लं आहेत का विचारा, वेळ ठरवा.

गर्दी ही शेल्टरची खरी अडचण. दहा ठिकाणची पिल्लं एका छताखाली आली की सर्दी, नायटा आणि पॅनल्यूकोपेनियाही येतो. कितीही जीव लावणारी माणसं असली तरी येतो. म्हणून संकोच न करता विचारा: हे पिल्लू इथे किती दिवस आहे? त्याच्या खोलीत गेल्या पंधरवड्यात कोणी आजारी पडलं का? जंतांचं औषध कधी दिलं? चांगले कार्यकर्ते अशा प्रश्नांनी खूश होतात.

ते तुम्हाला विचारतील त्याची मात्र तयारी ठेवा. अर्ज असतो. पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात आधी कोणतं जनावर होतं आणि त्याचं काय झालं, गावी गेल्यावर कोण बघणार. एका मुलीला ‘लग्न ठरलं तर मांजराचं काय?’ असं विचारलं म्हणून ती माझ्याकडे भडकून आली होती. प्रश्न आगाऊ आहे, मान्य. पण ‘सासरी चालत नाही’ म्हणून परत आलेली मांजरं मी स्वतः सांभाळली आहेत, त्यामुळे विचारणाऱ्याची बाजूही मला कळते. पुढे घर पाहायला कोणीतरी येतं, करारावर सही घेतात, त्यात नसबंदीची अट असते. काही ठिकाणी लसीच्या खर्चापुरते पैसे घेतात. मांजर फुकट मिळतं म्हणून शेल्टरकडे वळत असाल तर थांबा; लसी, जंतांचं औषध, नसबंदी, खिडक्यांना जाळ्या या खर्चाला फुकट-विकतचा फरक नाही.

हॉलमध्ये भरणारी दत्तक शिबिरंही असतात. जरूर जा, पण तिथल्या गोंगाटात कुठलंही पिल्लू घाबरलेलंच दिसणार. आवडलेल्या पिल्लाच्या सांभाळणाऱ्याचा नंबर घ्या आणि दोन दिवसांनी त्याच्या घरी जाऊन बघा.

फॉस्टरचं घर

हीच माझी शिफारस. आणि मी स्वतः फॉस्टर करते म्हणून ती थोडी पक्षपाती आहे, हेही धरून चाला. पिल्लू एखाद्या घरात वाढलेलं असतं, मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, दाराची बेल, लहान मुलं, सगळं त्याने ऐकलेलं असतं. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाची सवय होते. हा काळ काचेच्या पेटीत गेला की नंतर भरून काढायला महिने लागतात. फॉस्टर करणारी बाई सांगू शकते की हा काळा बोका मांडीवर बसतो पण उचललेलं खपवून घेत नाही, आणि ती तिरंगी भाटी रात्री दोनला दंगा घालते. (तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. कोणी ‘दुर्मिळ तिरंगी बोका’ म्हणून जास्त पैसे मागितले तर आधी शेपटी उचलून बघा.)

शक्य असेल तर एकाच वेतातली दोन घ्या. नवख्यांना हा सल्ला उलटा वाटतो, पण दोघं एकमेकांना चावून चावणं किती जोरात चालतं ते शिकतात, आणि तुमचे हात वाचतात. दिवसभर घराला कुलूप असेल तर पिल्लू घेऊच नका, दोन-तीन वर्षांचं मोठं मांजर घ्या. त्यांना कोणी विचारत नाही. काळ्यांना तर त्याहून नाही. मांजर आडवं जाण्याच्या भीतीवर हसणारी माणसंही फोटो बघताना काळं मांजर पुढे सरकवतात.

पार्किंगमध्ये सापडलं तर

लगेच उचलू नका. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो, ते अगदी खरं आहे. एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, मध्ये बाकीची एकटी दिसतात. लांबून दोन-चार तास बघा. पिल्लू भिजलेलं, गार पडलेलं, जखमी असेल तरच लगेच हलवा. आणि पावसाळ्यात गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारा, आत पिल्लू लपलेलं असू शकतं.

पकडताना चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. ‘एवढंसं तर पिल्लू आहे’ म्हणून सोडून द्यायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर इलाज नाही.

हातात घेऊन काय बघायचं

पिल्लू कुठूनही येवो, ही पाच मिनिटं द्या. आधी खाली सोडा आणि चालू द्या. लंगडतंय का, कोपऱ्यात जाऊन बसतंय का, दोरी हलवली तर बघतंय का. मग उचला. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा अर्ध्यावर आलेला असेल तर ते आजारी आहे. नाक ओलं चालेल, वाहतं नको. कानात कॉफीच्या चोथ्यासारखं काळं असेल तर किडे. बरे होतात, पण माहीत असलेलं बरं. कानाच्या टोकावर, नाकावर, पंजांवर केस गेलेले गोल चट्टे म्हणजे नायटा, तो तुम्हालाही होऊ शकतो. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या वर आलेल्या, म्हणजे जंत. शेपटी उचला: खाली स्वच्छ आणि कोरडं हवं.

मग ओठ हळूच वर करा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २६ दात असतात, मागच्या बारीक दाढांसकट. सुळ्यांमागे नुसती हिरडी दिसली तर पिल्लू आईपासून फार लवकर तोडलंय. डोळेही सांगतात: सहा-सात आठवड्यांपर्यंत सगळ्यांचे निळेच असतात. ‘निळ्या डोळ्यांचं आहे’ म्हणून जास्त पैसे मागणारा तुम्हाला वय विकतोय, रंग नाही.

घरी आणण्यापूर्वी: जाळी

घर पाहायला येणारा कार्यकर्ता आधी खिडकीकडे जातो आणि जाळीला बोटाने ढकलून बघतो. तुम्हीही तेच करा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी कबुतर अडवते. मांजर ती कुरतडतं किंवा कोपऱ्यातून डोकं घालतं. आणि जिथून डोकं गेलं तिथून बाकीचं मांजर जातंच. लोखंडी ग्रिलच्या सळ्यांमधलं अंतर पिल्लासाठी दरवाजाच आहे. ग्रिलवर आतून बारीक चौकटीची तारेची जाळी बसवून घ्या, बाथरूमच्या सरकत्या काचांनाही. मांजर पडलं तरी पायांवर उतरतं, हे चौथ्या मजल्यावरून जबडा फुटलेलं मांजर बघितलेल्या माणसाला सांगू नका.

फिनेल, डांबराच्या गोळ्या, लिलीची फुलं, कुत्र्यांचं गोचिडांचं औषध हे सगळं घराबाहेर. मांजराच्या यकृताला फिनॉल निकामी करता येत नाही, आणि ते ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटतं. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते, तेव्हा तापासाठी घरगुती डोस नको. फरशीला साधा साबण आणि पाणी. घरात आधी पॅनल्यूकोपेनिया झाला असेल तर तो विषाणू वर्षभर टिकू शकतो. एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुवायचं. तरीही पुढचं पिल्लू लसी पूर्ण झालेलंच आणायचं. मी हे शिकायला दोन वर्षं घालवली.

पहिले चौदा दिवस

एकच खोली. घरात आधीचं मांजर असेल तर दार बंद. एका बाजूला पाणी आणि खाणं, लांबच्या कोपऱ्यात शीची पेटी. फार लहान पिल्लू गोळे होणारी वाळू खातं, म्हणून सुरुवातीला लाकडाच्या गोळ्यांचं लिटर किंवा वर्तमानपत्राचे तुकडे. पहिल्या रात्री ते कपाटामागे जाईल आणि तुम्ही बॅटरी घेऊन पोटावर झोपाल. ओढून काढू नका. खोलीत बसा, फोन बघत राहा, ते येतं.

आधी जे खात होतं तेच आठवडाभर द्या, दिवसातून चार वेळा. उकडलेलं चिकन मीठ-हळद न घालता चालेल, पण रोजचं जेवण म्हणून नुसतं चिकन किंवा नुसती मासळी पुरत नाही. गाईचं दूध नको. मांजर डोळे मिटून दूध पिते ते म्हणीत ठीक आहे, घरात डोळे उघडे ठेवून तुम्हालाच शी पुसावी लागते.

स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा, त्यावर पातेलं ठेवून शून्य करा आणि पिल्लाला त्यात बसवा. रोज, एकाच वेळी. वजन दिवसाला दहा-पंधरा ग्रॅमने वाढायला हवं. ते पातेल्यातून उडी मारून पळालं तर उत्तम लक्षण. दोन दिवस आकडा हलला नाही, किंवा एक दिवस खाल्लं नाही, तर सकाळची वाट बघू नका.

लसी आणि नसबंदी

आठव्या आठवड्याच्या सुमाराला तिहेरी लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची बाराव्या आठवड्यानंतर आणि पुढे दरवर्षी. मांजर घराबाहेर जाणार नसलं तरी.

नसबंदीची तारीख पिल्लू घरी आलं त्याच दिवशी कालनिर्णयवर लिहून ठेवा, ते पाच महिन्यांचं होईल त्या पानावर. भाटी चार महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते आणि ६३ ते ६५ दिवसांत विते. माझ्या शेजारणीला वाटलं अजून लहान आहे, दिवाळीनंतर बघू. दिवाळीत तिच्या फराळाच्या खोलीत, चकलीच्या डब्यांमागे, चार पिल्लं झाली. दोन मीच फॉस्टर केली. त्यातली एक ए विंगला गेली, जिथे पर्शियन हवी होती.